पाठीला लागलेली माती

आमच्या तिसगावच्या घरमालकांची पाठ जमिनीला टेकलेली पाहिली, असं शपथेवर सांगणारा माणूस अख्ख्या पाथर्डी तालुक्यात सापडला नसता. त्यांच्या बायकोलाही सांगता आलं नसतं, आणि तिनं तर त्यांच्याबरोबर उभा जन्म काढला होता. ते पैलवान होते. ऐन जवानीत त्यांनी आसपासच्या जत्रांमधल्या कुस्त्या मारल्या, पुढं गावच्या तालमीचे वस्ताद झाले, पण चीत म्हणून कधी झाले नाहीत. "पाठीला माती लागली न्हाई," हे वाक्य त्यांच्या तोंडून दिवसातून एकदा तरी ऐकायला मिळायचंच. भाडं द्यायला गेलं की ऐकायचं, पाण्याला गेलं की ऐकायचं, नळाला पाणी आलं नाही तर दोनदा ऐकायचं.

बरं, कुस्ती सुटल्यावर तरी माणसानं पाठ टेकावी की नाही? यांनी ती सवयच लावून घेतली नव्हती. झोपायचे ते पालथे, दोन्ही हातांची घडी घालून तीवर गाल टेकून. एसटीत बसले की पुढच्या बाकाचा दांडा धरून ताठ. मागं टेकायची जी सोय एसटीनं केलेली असते ती त्यांच्यालेखी फुकट गेलेली. न्हाव्यानं दाढी करताना डोकं जरा मागं कलवलं की हे उठून उभे राहत, आणि मग राहिलेली दाढी उभ्यानंच व्हायची. एकदा छपराचे पत्रे नीट करायला वर चढले आणि पाय निसटला. हा प्रसंग आळीत सगळ्यांनी पाहिला होता आणि प्रत्येकजण तो आपापल्या परीनं वाढवून सांगे, पण एका गोष्टीवर सगळ्यांचं एकमत होतं. खाली येता येता ते हवेतल्या हवेत वळले आणि छातीवर पडले. पुढचे दोन दात गेले. "दात काय, म्हातारपनी जानारच हुते," ते मला समजावून सांगत, "पन पाठ टेकली आसती म्हंजे?" म्हणजे काय झालं असतं ते मला कधी कळलं नाही, पण विचारायची सोय नव्हती. विचारलं की पहिल्या कुस्तीपासून सुरुवात व्हायची.

आमचे हे तिसगावच्या हायस्कूलवर मास्तर म्हणून लागले तेव्हा आम्ही या मामांच्या दोन खोल्यांत बिऱ्हाड केलं. मी त्यांना मामा म्हणे आणि त्यांच्या बायकोला मामी. ते मला मास्तरीणबाई म्हणत. मी जन्मात कुणाला बाराखडी शिकवली नव्हती, पण मास्तरांची बायको ती मास्तरीण, त्यात त्यांना पुढं काही ऐकायचं नसे. मी बाळंतपणाला माहेरी नगरला गेले आणि मंजूला घेऊन परत आले. मंजू सातव्याच महिन्यात जन्मलेली. कापसात गुंडाळून वाढवलेली. हातात घेतली तर वजन दुपट्याचं जास्त की पोरीचं, असा प्रश्न पडावा. तिचे डोळे मात्र टपोरे होते आणि ती सगळ्या जगाकडं संशयानं बघायची. फक्त मान धरत नव्हती. खांद्यावर घेतली की डोकं इकडं तरी लवंडायचं नाहीतर तिकडं.

नगरच्या डॉक्टरांनी सांगितलं होतं, "जागी असेल तेव्हा रोज थोडा वेळ पालथी घालत जा. समोर बसून राहा, नजर हलवू नका. मानेला, खांद्याला जोर येईल. आणि नाहीच आला तर पुन्हा घेऊन या, मग बघू." हे 'मग बघू' काही केल्या माझ्या डोक्यातून जाईना. रोज मी पोरीला पालथी घालायची, तिचं नाक गोधडीत रुतायचं, ती टाहो फोडायची आणि मी तिला उचलून उताणी करायची. डोळ्याला पदर लावायचा तो वेगळाच. हे म्हणायचे, "अगं, निदान दहा आकडे मोजेपर्यंत तरी राहू दे." मी म्हणायची, "तुम्ही पालथे पडून मोजा." असं आमचं चाललेलं.

एक दिवस मामा काही कामानं दारात आले आणि मंजूला बघून उंबऱ्यातच थबकले. मंजू गोधडीवर उताणी पडून छपराकडं बघत होती. मामांनी तिच्याकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं आणि अत्यंत गंभीरपणे विचारलं, "हिला कुनी पाडली?"

"कुणी पाडली नाही मामा. बाळं उताणीच असतात."

"आज किती दिस बगतोय मी. कवाबी यावं तर पोरगी चीत."

"लहान आहे हो ती. सगळीच तशी असतात."

"आसत्यात म्हून तर रडत्यात," मामा म्हणाले. आणि ते खरंच कळवळून म्हणाले.

यामागचं त्यांचं शास्त्र त्यांनी मला नंतर सविस्तर सांगितलं. पैलवान पोटावर असला, त्यानं जमीन धरली, की वरचा कितीबी जोर करो, काही होत नाही. खेळ चालू राहतो. पाठ टेकली की संपलं, लोक टाळ्या वाजवून घरी जातात. तेव्हा जन्मलेलं मूल माणसं पहिल्या दिवसापासून पाठीवर ठेवतात हा त्या मुलाचा केवढा अपमान आहे, हे त्यांना आजवर सुचलं कसं नाही याचंच त्यांना नवल वाटत होतं. त्यांना स्वतःला मूलबाळ नव्हतं, त्यामुळं हा विषय त्यांच्यापुढं आयता आलेला नव्हता. मी डॉक्टरांचं सांगणं त्यांच्या कानावर घातलं, तर डॉक्टरांबद्दल त्यांचं मत एकदम चांगलं झालं. "मानूस तालमीतला दिसतोय," म्हणाले. डॉक्टर चष्मा लावणारे, काडीपैलवान होते.

खरी गोष्ट अशी होती की मामांना त्या साली काम नव्हतं. पाऊस आदल्या साली पडला नव्हता आणि त्या साली तर ढगही आले नाहीत. तालमीतली पोरं दुष्काळी कामावर खडी फोडायला गेलेली. खडी फोडून, रेशनच्या मिलोची, म्हणजे लाल ज्वारीची, भाकरी खाऊन आलेलं पोर संध्याकाळी जोर कशाला काढेल? कुस्तीच्या हौद्यातली लाल माती ताक-तेलावाचून दगड झाली होती. जत्रेतल्या कुस्त्या रद्द झाल्या होत्या. मामा सकाळ-संध्याकाळ तालमीचं कुलूप काढायचे, आत जाऊन उभे राहायचे आणि पुन्हा कुलूप लावून यायचे. असा हा बिनशागिर्दांचा वस्ताद, आणि अशी ही बिनमानेची पोरगी. दुसऱ्या दिवशी सकाळी ते हजर झाले ते धाबळीत लाल माती बांधूनच.

"हे काय?"

"गोधडीव पाय सरकत्यात. मातीत पोरगी रुतून ऱ्हाईल."

ती माती मी परत पाठवली. मग भिजवलेले बदाम आले, तेही परत गेले. पोरीला दात नाहीत हे मी दाखवलं, तर मामांनी आपले गेलेले दोन दाखवले आणि म्हणाले, "माजं काय अडलंय?" मग तीळतेलाची बाटली आली, ती मात्र मी ठेवून घेतली. शेवटी तह असा झाला की जमीन आमची सारवलेली, गोधडी मामीनं शिवलेली घट्ट टाक्यांची, आणि वस्ताद मामा. मंजूला पालथी घातली. तिनं रीतीप्रमाणं टाहो फोडला. मी उचलायला वाकले तर मामा म्हणाले, "हात लावायचा न्हाई." आणि एवढा थोरला माणूस, मिशा पांढऱ्या झालेला, तिच्यासमोर जमिनीवर पालथा पडला. हनुवटी जमिनीला टेकवली. दोघांची नाकं एकमेकांपासून वीतभर अंतरावर. मंजू रडायची थांबली. एवढं मोठं तोंड आपल्याइतकंच खाली पडलेलं तिनं कधी पाहिलं नव्हतं.

मग मामांनी बरोबर आणलेला रिकामा पत्र्याचा डबा पुढं ओढला आणि बोटांनी हळूहळू त्यावर हलगी वाजवायला लागले. जत्रेत कुस्ती रंगात आली की वाजते ती चाल. मामी पलीकडनं ओरडली, "आवं, लेकराचे कान फुटतील." पण लेकरू त्या डब्याकडं कान देऊन ऐकत होतं. मामांनी डबा जरासा वर उचलला. मंजूचे डोळे वर गेले, भुवया वर गेल्या, आणि त्या भुवयांच्या मागोमाग, लटलट कापत, डोकं वर आलं. क्षणभरच. मग नाक धपकन गोधडीवर. पण आलं होतं. मी पाहिलं होतं. मी मामांकडं बघितलं तर ते जमिनीवरूनच मला म्हणाले, "गर्दन हाय. हाय गर्दन. दडवून ठेवली हुती पोरीनं."

तेव्हापासून आमच्या घरी रोज सकाळी तालीम भरायला लागली. यांना आंघोळीला जायचं तर दारात आडवे पडलेल्या मामांना ओलांडून जावं लागे, आणि मामांना ओलांडणं म्हणजे पाप, म्हणून हे मागच्या दारानं वळसा घालून जात. शाळेतल्या एका मास्तरांनी आत डोकावून बघितलं आणि मला हळूच विचारलं, "घरमालकांना फिट आली का?" मंजूचं डोकं पहिल्यांदा कापायचं, मग थांबायला लागलं, मग हातावर जोर देऊन छातीही वर यायला लागली. मामांचा डबा ऐकला की ती पाय झाडून किंचाळायची. डॉक्टरांचं 'मग बघू' मला आता दिवसातून एकदाच आठवायचं. पण पालथी पडणं वेगळं. उताणी ठेवलेली पोर आपली आपण कूस बदलून पालथी होते तेव्हाच खरं, असं सगळ्या बायका म्हणत. तशी ती होत नव्हती. बाकीची तिच्याएवढी मुलं केव्हाच झाली होती.

आणि मग तो सगळा घोटाळा झाला. मंजू एका सकाळी पोटावर होती, मान ताठ, डब्याकडं बघतेय. मामांनी डबा जरा बाजूला नेला. तिनं बघायला डोकं वळवलं. डोकं जड, ते कलंडलं, आणि त्याच्या मागोमाग सगळी मंजू कलंडली आणि धप्पकन उताणी झाली. आपली आपण. कुणी हात लावला नव्हता. मी टाळ्या वाजवायला लागले, हे तोंडात दात घासायची काडी घेऊन धावत आले. आणि मामा उठून बसले, डबा उचलला, डोक्याचं पागोटं नीट केलं आणि म्हणाले, "गेली."

"काय गेलं?"

"कुस्ती गेली. एवडी मेहनत केली, पोरगी आपल्या पायानं चीत झाली."

"अहो मामा, वळली ती. पहिल्यांदा वळली. केवढी चांगली गोष्ट आहे."

"तुमाला न्हाई कळायचं ते," असं म्हणून ते खाली मान घालून निघून गेले. मला इतका राग आला की मी त्यांचा डबा लागलीच नेऊन द्यायला निघाले होते, पण डबा तर ते घेऊनच गेले होते. त्या दिवशी मामा जेवले नाहीत. मामी येऊन म्हणाली, "सुतक पाळल्यागत बसल्यात. मला वाटलं भावकीत कुनी गेलं."

मामा यायचे बंद झाले. मंजूला मी पालथी घालायची, ती मान वर करून दाराकडं बघायची, दारात कुणी नाही असं बघून पुन्हा नाक टेकून रडायची. मी डबा वाजवून बघितला. आमच्या घरातल्या डब्याला तो आवाज नव्हता, का माझ्या बोटांना नव्हता कोण जाणे. अशात माझी नणंद आली. तिचा मुलगा मंजूहून धाकटा, आणि तो घरभर गडगडत लोळत होता. उताण्याचा पालथा, पालथ्याचा उताणा, थांबायचं नाव नाही. नणंद त्याच्याकडं बघत म्हणाली, "ही अजून पडत नाही का गं पालथी? दाखवा बाई कुणाला तरी. वेळेवर दाखवलेलं बरं असतं." मी हसून काहीतरी बोलले आणि आत जाऊन चुलीपुढं बसले. अंगणात मामा बाजेची दोरी आवळत होते. त्यांच्या कानावर ते पडलं असणारच, कारण नणंदेचा आवाज अंगण सोडून वेशीपर्यंत जाण्याजोगा होता. आणि मामीचाही काही कमी नव्हता. मामी त्यांना म्हणत होती, "तुमच्या तालमीतलं येकबी पोरगं कंदी पडलंच न्हाई का? तवा काय करत हुता? घरी येऊन रुसून बसत हुता?"

नणंद सकाळच्या गाडीनं गेली. गाडीचा धुरळा खाली बसतो न बसतो तोच मामा डबा घेऊन दारात.

"पावनी गेली का?"

"गेली."

"बरं झालं. आना पोरगी." मग जरा थांबून, मिशीवरून हात फिरवत म्हणाले, "खालनं वर यायचं शिकवायचं ऱ्हाऊन गेलं हुतं. चूक माजी. पोरीची न्हाई."

त्यांनी मंजूला स्वतःच्या हातानं पाठीवर ठेवलं. ठेवताना डोळे मिटून घेतले होते, तेवढं त्यांच्यानं बघवलं नाही. मग तिच्या कुशीला जाऊन आडवे झाले आणि डबा वाजवायला लागले. ती डोकं वळवून बघायची. पाय वर घ्यायची. एका अंगावर यायची आणि खालच्या हातावर अडायची, की पुन्हा पाठीवर. दिवस गेले. मामा म्हणायचे, "हात अडकतोय. सुटंल. तिचा तिला सुटाया पायजे."

तो रविवार होता म्हणून हेही घरी होते. मंजू एका अंगावर आली, एक पाय पलीकडं टाकला, आणि हात पोटाखाली अडकला. चेहरा लालबुंद. कण्हायला लागली. यांना राहवेना. यांनी नुसतं एक बोट पुढं केलं, तिचा हात सोडवायला. तेवढ्यात मामांनी यांचं मनगट धरलं. जमिनीवर पडल्या पडल्याच धरलं. पैलवानाची पकड ती, हे पुढं आठवडाभर डाव्या हातानं फळ्यावर लिहीत होते. "मास्तर," मामा दबक्या आवाजात म्हणाले, "भाईरच्यानं हात लावला की कुस्ती रद्द." आम्ही कुणी श्वास घेत नव्हतो. मंजूनं एकदा हिसका दिला, खांदा हलला, आणि हात सुटून बाहेर आला. मग तिनं दोन्ही हात टेकले, मान वर केली आणि आमच्या सगळ्यांकडं अशी बघायला लागली की जशी काही आम्ही तिच्या घरी पाहुणे आलोय.

मी रडले. मनसोक्त रडले, मला लाज वाटली नाही. मामा डबा वाजवायचा सोडून तसेच पालथे पडून राहिले, आणि बऱ्याच वेळानं त्यांनी तोंड वर केलं तर त्यांच्या मिशीला आमच्या जमिनीचं सारवण लागलेलं, ओलं. आमच्यात मूल पालथं पडलं की काहीतरी गोड तळून वाटतात. त्या साली रेशनवर मिलोच मिळत होती. मामीनं आणि मी तिच्या पिठात गूळ घालून जे काही तळलं त्याला नाव देता येणार नाही, पण आळीनं ते खाल्लं.

पुढचं सगळं भराभर झालं. मंजू रांगायला लागली, आणि रांगायला लागली ती पहिल्यांदा अंगण ओलांडून मामांकडं. पाऊस झाला, पोरं परत आली, तालमीच्या मातीला ताक-तेल मिळालं. आणि आमची बदली झाली श्रीरामपूरला. जायच्या आदल्या संध्याकाळी अंगणात आळी जमली. मामा नेहमीसारखे मंजूपुढं जमिनीवर पालथे झाले, डब्यावर बोटं फिरायला लागली. मंजू रांगत आली, डबा ढकलून दिला, त्यांच्या खांद्याला दोन्ही हातांनी धरलं आणि वर चढायला लागली. आणि मामा हळूहळू एका कुशीवर आले, आणि मग आणखी वळले, आणि उताणे झाले. दोन्ही खांदे जमिनीला. मंजू छातीवर बसली. मामी हातातली घागर खाली ठेवायची विसरली. मामा आभाळाकडं बघत होते. "लागली पाठ," ते म्हणाले.

कुणीतरी हसून म्हणालं, "वस्ताद, मुद्दाम पडला."

"मुद्दाम कोन पडतंय?" मामा तसेच पडून म्हणाले. "धरलं तिनं." मग उठले. पाठीवर माती होती, ती त्यांनी झटकली नाही. आत गेले, जिंकलेल्या फेट्यांतला एक विटलेला केशरी फेटा घेऊन आले आणि मंजूच्या डोक्याला बांधला. तो तिच्या नाकापर्यंत खाली आला, आणि ती आतून ओरडायला लागली.

त्यानंतर बरीच वर्षं जाणं झालं नाही. मामा गेल्याचं कळलं तेही उशिरा. मी मंजूला घेऊन मामीला भेटायला गेले तेव्हा मंजू कॉलेजात होती. मामी थकली होती, पण आवाज तोच. म्हणाली, जत्रेत पुन्हा कुस्त्या भरायला लागल्या तेव्हा मामांना मानानं पुढं बसवायचे. परगावची पोरं पाया पडायला यायची आणि विचारायची, वस्ताद, तुमची पाठ कधीच लागली न्हाई म्हनं?

"तर म्हनायचे, लागली की. येकदा. पोरं इचारायची, कुनी लावली? तर म्हनायचे, व्हती येक नगरकडची. माजीच शागीर्द." मामी हसली. "म्या म्हनायचे, आवं खरं काय ते सांगा की लोकास्नी. तर म्हनायचे, खरंच सांगतोय."

ज्या वाक्यावर त्या माणसानं जन्म काढला होता, ते त्यानं आमच्या पोरीसाठी सोडून दिलं होतं. मंजू समोर बसून चहा पीत होती, तिला यातलं काही ठाऊक नव्हतं. मामीनं तिला जवळ ओढलं, तिच्या मानेवरून आपला खरखरीत हात फिरवला आणि मला म्हणाली, "बगा, कशी ताठ धरलीया."